‘तेवीस’च्या जागी ‘काही’

एकाहत्तर साली मी बावीस वर्षांची होते आणि नागपूरला धरमपेठेत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करत होते. आम्ही राहायचो त्याच घराच्या माडीवर एक बंगाली कुटुंब भाड्याने होतं. नवरा रेल्वेत गार्ड, त्यामुळे बरेचदा बाहेरगावी. त्याच्या बायकोला आम्ही सगळे बौदी म्हणायचो, म्हणजे वहिनी. त्या श्रावणात तिच्याकडे तिचे काका आले. पूर्व बंगालमधल्या एका गावात ते हायस्कूलला भूगोल शिकवत. सीमा ओलांडून, छावणीत दोन महिने काढून ते पुतणीकडे पोचले होते. हातात एक पिशवी आणि पायात दुसऱ्या कुणाच्या तरी चपला.

माझे वडील कोर्टात रीडर होते. जजसाहेबांच्या पुढ्यात बसून त्यांनी जन्मभर साक्षी ऐकल्या होत्या. तिकडच्या कत्तलींच्या बातम्या रोज पेपरात येत, आणि वडील पेपर बाजूला सारत.

“अशा दिवसात पेपरवाले एकाचे दहा करतेत,” ते म्हणत. “मागच्या लढाईत नागपुरावर बॉम्ब पडणार म्हणून मी मायले गावी नेऊन ठेवलं होतं. पडला का एक तरी?”

मी त्यांना हसायची, पण मनातून मलाही तसंच वाटे. वाईट झालं असेल, पण इतकं? त्यात ते काका कधी रडले नाहीत. चहात साखर जास्त मागत, बौदीला भाजी निवडू लागत, पेपर वाचून झाला की पहिल्यासारखी घडी घालून आमच्या दारात ठेवत. ज्याच्यावर असं गुजरलं तो माणूस असा दिसेल का, असा प्रश्न मला पडायचा. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

एक दिवस बौदी खाली आली. काकांनी घडलेलं सगळं इंग्रजीत लिहून काढलं होतं, वर्तमानपत्रांना पाठवायला. मी टाइप करून देईन का, असं तिने विचारलं. वकीलसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत मशीन वापरायची परवानगी दिली.

अक्षर सुरेख, मास्तरांचं. मजकूर सरळ. बाजाराच्या दिवशी पाकिस्तानी सैनिक होड्यांतून आले. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने काकांना शाळेचा रस्ता विचारला आणि सांगितल्यावर आभार मानले. तासाभराने शाळेच्या मैदानात माणसांना रांगेत उभं केलं. काका तळ्यात, पाणवेलींत मानेपर्यंत बुडून होते. तेवीस माणसं. त्यातले बरेचसे त्यांचेच जुने विद्यार्थी, म्हणून कोण कुठल्या वर्षी पास झालं तेही त्यांनी लिहिलं होतं. धाकटा भाऊ शेवटून तिसरा.

मी टाइप करत गेले आणि दोन ठिकाणी माझा हात अडला. आभार मानणारा अधिकारी मला रचलेला वाटला. तो मी गाळला. ‘तेवीस’च्या जागी ‘काही’ लिहिलं. मला वाटलं, यामुळे मजकूर जास्त पटेल. मी मदतच करते आहे.

दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत बसून, ओळीवर बोट ठेवून वाचत होते. बोट थांबलं. त्यांचं हिंदी तुटकं होतं, मी ते मराठीत सांगते.

“इथे आकडा होता,” ते म्हणाले.

“लोकांना खरं वाटणार नाही, काका.”

“तुम्हाला वाटलं?”

मी नकारार्थी मान हलवली. ते रागावतील असं वाटत होतं. त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

“मलाही वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. “आदल्या दिवशी वरच्या गावाहून एक नावाडी आला होता. त्याने सगळं सांगितलं. मी म्हटलं, बाबा, पाणी पी, जरा पड, तुला ताप दिसतो. भाऊ म्हणाला, आपण निघू या का? मी म्हटलं, शाळेच्या मास्तरांना कोण काय करणार. आणि जाऊन सातवीला नद्या शिकवल्या.”

बौदी आत स्वयंपाक करत होती, तिच्या भांड्यांचा आवाज थांबला.

“नावाडी खोटारडा नव्हता, ते मला ठाऊक होतं,” ते पुढे म्हणाले. “पण त्याचं खरं मानलं असतं तर त्याच क्षणी घर सोडावं लागलं असतं. गाय होती, शाळा होती. खोटं मानणं सोयीचं होतं. म्हणून तुमच्यावर मी रागावू शकत नाही. फक्त आकडा परत लिहा. आणि तो आभार मानणारा माणूसही. तो मला रोज आठवतो.”

मी सगळं पुन्हा टाइप केलं. कार्बनची एक प्रत घरी आणली आणि काही न बोलता वडिलांच्या पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि टोपी घालून वर गेले. मीही मागे गेले.

वडिलांनी कोर्टात विचारतात तसेच प्रश्न विचारले. किती अंतरावरून पाहिलं, ऊन कोणत्या बाजूला होतं, आधी कोण पडलं. मला फार अवघडल्यासारखं झालं. काका मात्र शांतपणे उत्तरं देत होते. घरं कुणी जाळली यावर ते म्हणाले, “ते मी पाहिलं नाही. धूर पाहिला.” बायकांचं काय झालं यावर म्हणाले, “मी ऐकलं आहे. पाहिलं नाही. म्हणून लिहिलं नाही.”

खाली आल्यावर वडील टोपी न काढताच ओट्यावर बसले.

“काहून बसले असे?” आईने विचारलं.

“बनावट साक्षीदार कधी ‘मी नाही पाहिलं’ म्हणत नाही वं,” ते म्हणाले. “त्याले सगळंच दिसलेलं असते.”

दुसऱ्या दिवशी ती प्रत घेऊन ते कोर्टात गेले आणि मधल्या सुट्टीत कारकुनांना वाचून दाखवली. दोघे-तिघे हसले. एक जण म्हणाला, रीडरसाहेब म्हातारे झाले. वडिलांनी शेवटपर्यंत वाचलं. घरी हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते वकीलसाहेबांकडून कळलं.

काकांचा मजकूर चार वर्तमानपत्रांना गेला. एकाने आतल्या पानावर सहा ओळी छापल्या. आकडा होता. काकांनी ते कात्रण माझ्या हातात दिलं आणि मराठीत, बहुधा बौदीकडून शिकून, “आभारी आहे, पोरी” म्हणाले. आभार खरं तर मी मानायला हवे होते. पुढे तीस वर्षं मी कोर्टात लोकांचे जबाब टाइप केले. सपाट आवाजात बोलणारी माणसं, चहा मागणारी, मध्येच भलतंच आठवून हसणारी. त्यांच्या बोलण्यातला एक शब्दही मी स्वतःच्या अंदाजाने बदलला नाही. हे मला त्या गॅलरीत मिळालं, आणि फुकट मिळालं.

डिसेंबरातली लढाई संपली, आणि उन्हाळा लागायच्या आत काका परत जायला निघाले. आईने चिवडा बांधून दिला. वडिलांनी त्यांची वळकटी हमालाला न देता स्वतः खांद्यावर घेतली. हावड्याची गाडी उशिरा होती. गाडी आली तेव्हा वडिलांनी हात जोडले.

“मले तुमचं खरं मानायले उशीर झाला,” ते म्हणाले.

काकांनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. “आप ऊपर तो आए,” ते म्हणाले. “बहुत लोग नहीं आए.”

गाडी दिसेनाशी होईपर्यंत वडील तिथेच उभे होते. त्या दिवशी ते कोर्टात अर्धा तास उशिरा पोचले, उभ्या नोकरीत पहिल्यांदाच.