पाय भाऊंचे, हात माझे

“पाय माझे, हात तुझे. आन् उगं तापवू नको त्याला,” असं म्हणत भाऊ रिमोटची उजवी बाजू माझ्याकडे सरकवायचे.

मंडळी, दृश्य नीट डोळ्यांसमोर आणा. गारखेड्यातली छोटी बैठकीची खोली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली टीव्ही. टीव्हीसमोर एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेले दोन पिकल्या केसांचे बाप्ये, आणि दोघांत मिळून व्हिडिओ गेमचा एकच रिमोट. डावी दांडी भाऊंच्या डाव्या अंगठ्याखाली, उजवी माझ्या उजव्या. पडद्यावर पाच मजली इमारतीएवढा लोखंडी रोबोट. तो चालायचा भाऊंच्या मर्जीनं आणि गोळ्या झाडायचा माझ्या मर्जीनं. या दोन मर्ज्यांची गाठ क्वचितच पडायची. भाऊ त्याला मोठ्या शिताफीनं शत्रूसमोर नेऊन उभा करायचे, आणि मी त्याच वेळी बाजूची पाण्याची टाकी उडवायचो.

“ए स्टोअर, त्या टाकीनं तुझं काय घोडं मारलं?”

मी कंपनीत स्टोअरला, म्हणून माझं नावच स्टोअर. भाऊ वेल्डिंग लाईनला. आमची खरी ओळख कंपनीच्या बसमधली. सकाळी बसमध्ये चढताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “दमलो राव.”

“भाऊ, अजून कार्ड पंच व्हायचंय.”

“आजचं आत्ताच दमून घेतो. संध्याकाळी गर्दी व्हते.”

मला वाटायचं, हा माणूस विनोद करतोय. एकदा सामान पोचवायला त्यांच्या लाईनवर गेलो आणि तो विनोद नाही हे कळलं. जाळीच्या आत पिवळा रोबोट हात नाचवत ठिणग्या उडवत होता. जाळीबाहेर भाऊ. त्यांनी पत्र्याचे भाग साच्यात लावायचे, बटण दाबायचं, रोबोट वेल्डिंग करणार, तोवर दुसरा साचा भरायचा. त्याचं होईपर्यंत भाऊंचं झालंच पाहिजे. त्याला तहान नाही, लघवी नाही, कुणाचं लग्न नाही.

आणि हा गृहस्थ घरी जाऊन काय करायचा? तर टीव्ही लावून रोबोट खेळायचा! मी बसमध्ये सगळ्यांसमोर त्यांना धरलं. “भाऊ, दिवसभर रोबोट, घरी पण रोबोट?”

“कंपनीतला मला चालवतो. घरच्याला मी चालवतो,” भाऊ म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकवून झोपले.

हा नाद जुना. पाचोडकडच्या गावातून ते नोकरी शोधायला शहरात आले तेव्हा मुकुंदवाडीत खोली करून राहायचे, आणि तिथं एका टपरीवजा दुकानात तासाच्या भाड्यानं गेम खेळायला मिळायचे. त्या कॅसेटमधला रोबोट म्हणजे चार रंगीत चौकोन एकमेकांवर रचलेले. पुढं लेक पुण्याला नोकरीला लागली आणि तिनं बापाला नवा गेम आणून दिला. नव्या रोबोटच्या अंगावर ओरखडे, सांध्यांतून वाफ, आणि पाय टाकला की टीव्हीखालची काच थरथरायची. मी विचारलं, जुना बरा की हा?

“जुना लई उड्या मारायचा. कागदाचा व्हता तो. हा बघ, ह्याला वजन हाय. जास्त गोळ्या झाडल्या की तापतो, आन् लई तापला की जागेवर बंद पडतो.” मग पडद्याकडे मायेनं पाहत, “दमतो गडी. म्हणून आपला वाटतो.”

त्यांची एक सवय मात्र मी तुम्हाला खास सांगणार आहे. कंपनीत शिफ्ट संपली की रोबोटला होमला आणायचं, म्हणजे हात खाली, मूळ जागी, ठरलेल्या अवस्थेत उभा करायचा आणि मगच निघायचं, असा नियम. भाऊंनी तो नियम गेममध्येही लावला. लढाईच्या मधेच वहिनींनी जेवायला हाक मारली, तर ते तसाच टीव्ही बंद करत नसत. अख्खं जळकं शहर तुडवत रोबोटला परत त्याच्या शेडपर्यंत चालवत न्यायचे, आत उभा करायचे, हात खाली करायचे. तोवर भाकरी गार.

“अहो, तो खोटा हाय!” वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

“खोटा हाय म्हणून काय रानात सोडून येऊ?”

पुढं भाऊंची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून परत आले ते काठी घेऊन. पाय थोडाफार आला, हात आलाच नाही. त्यांच्या जागी लाईनवर साचे भरायलाही दुसरा रोबोट बसवला आणि दोन्हींवर लक्ष ठेवायला एक नवा माणूस नेमला, ही बातमी कंपनीतून मलाच घेऊन जावी लागली. मी जिन्यात उभा राहून चेहरा वगैरे तयार केला होता. भाऊंनी ऐकून घेतलं, बराच वेळ डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चोळली, आणि विचारलं,

“नव्या माणसाला सांगितलं का, निघताना होमला न्यायला?”

“सांगितलंय.”

“मंग ठीक.”

थोड्या वेळानं म्हणाले, “स्टोअर, एक काम राहिलंय. शेवटची लढाई बाकी हाय. एका हातानं व्हत नाय.” अशी आमची भागीदारी सुरू झाली.

या शेवटच्या लढाईत एक खोच होती. नदीपलीकडच्या माळावर सगळ्यात मोठा राक्षसी रोबोट उभा. तो पडला की गेम खलास, असं लेकीनं फोनवर आधीच सांगितलं होतं! लगेच चित्र सुरू होतं, नावं वर सरकू लागतात, रिमोट काही ऐकत नाही. म्हणजे जिंकलेला आपला रोबोट तिथंच, परक्या माळावर. भाऊंना हे मान्य नव्हतं.

“त्याला तिथं नाय पाडायचा,” त्यांनी बेत सांगितला. “अर्धमेला करायचा. चिडवत, ओढत आपल्या शेडपाशी आणायचा. आपण आत, तो दारात. मंग पाडायचा.”

“भाऊ, हे गेम बनवणाऱ्यानंसुद्धा योजलं नसेल.”

“त्याला कुठं शिफ्ट करायचीय?”

कितीतरी रविवार यात गेले. कधी माझं बोट जास्त दाबलं जाऊन आपला रोबोट तापून पुलावर बंद पडायचा आणि तो राक्षस त्याला सावकाश तुडवायचा. कधी भाऊंचा अंगठाच थकायचा. मग रिमोट खाली ठेवून दोघं भिंतीला टेकायचो. कूलर घरघरत असायचा. वहिनी चहा ठेवून निघून जायच्या. भाऊ डोळे मिटून म्हणायचे, “एवढं एक झालं पायजे राव. एवढं एकच.” तेव्हा मला टाकीचा विनोद सुचायचा नाही.

एका रविवारी झालं. भाऊ रोबोटला उलट्या पावली चालवत होते, नदी ओलांडून, पुलावरून, शहरातून. मागोमाग तो राक्षस. त्याचा जीव इतकाच उरलेला की माझी एक गोळी पुरली असती. माझं बोट शिवशिवत होतं.

“मारू नको!”

“मारत नाही.”

“बोट काढ तिथून!”

“काढलं, काढलं!”

भाऊंचा चेहरा घामानं निथळत होता. पडद्यावर शेडची सावली आली. रोबोटची पाठ शेडच्या भिंतीला टेकली तसा टीव्हीतून खणकन आवाज आला.

“आता.”

मी बोट दाबलं. राक्षस दारात आडवा झाला. “हात खाली, हात खाली!” भाऊ ओरडले, मी उजवी दांडी खाली खेचली, हात खाली आले, आणि नावं वर सरकू लागली.

आणि मंडळी, ती नावं संपल्यावर काय झालं? गेमनं रोबोटला आपणहून शेडमध्ये आणून उभा केला. कुठंही जिंका, तो आणतोच. आम्हाला हे माहीतच नव्हतं!

मी भाऊंकडे बघायला घाबरलो. भाऊ गदगदा हसत होते, अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“म्हंजी कंपनीची बस व्हती, स्टोअर! आन् आपण पायी आलो!”

त्यानंतर पावसाळा सरता सरता भाऊ झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी खोली भरून गेली. सगळे पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तेवढा त्यांचा रोबोट दाखवा ना.”

मी टीव्ही लावला. तो शेडमध्ये उभा होता. मी सवयीनं उजव्या बाजूनं रिमोट धरला. हात वर झाले, मान वळली. डावी दांडी मी आजवर कधी धरलीच नव्हती. अंगठ्यानं ढकलून पाहिली, तर तो दोन पावलं टाकून भिंतीला धडकला, पुन्हा फिरला, पुन्हा धडकला.



“राहू द्या भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “दमलाय तो. हात खाली करा त्याचे.”

मी केले.