गडवा हातात दे

भागाआत्याला पाणी वरून ओतलेलं चालत नसे. कोणाच्याही घरी गेली की ती आधी हात पुढे करायची. "गडवा माह्या हातात दे. वरून सोडलेलं पानी लय झालं आता." मग त्या तांब्याला तोंड लावून, सावकाश, सगळ्यांदेखत प्यायची. दुरून ओंजळीत सोडलेलं पाणी पिण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. छप्पन्न साली ती आणि माझे बाबा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले, तेव्हापासूनची ही तिची रीत.

आत्या बाबांची थोरली बहीण; ते तिला बाई म्हणायचे. नवरा लवकर गेल्यामुळे आर्णीजवळच्या आमच्या गावी आमच्यातच राहायची. मला शाळेत तिनेच घातलं. पुढे मी दारव्ह्याला शिक्षिका झाले आणि सुट्टीपुरती घरी येऊ लागले, म्हणून तिचं विसरणं मला टप्प्याटप्प्यानं दिसलं. आधी वरणात दोनदा मीठ पडायचं. मग एकदा आर्णीच्या बाजारातून येताना ती वाट चुकली. त्यानंतर मला माझ्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारू लागली. गोधडीचा शेवटचा टाका आधी उसवावा, तशी तिची अलीकडची वर्षं आधी गेली. आणि एका सुट्टीत पाहते तर छप्पन्न सालही गेलेलं.

बाबा पाणी घेऊन आले तशी ती अंग चोरून बसली आणि तिनं ओंजळ धरली. त्यांचा पांढरा सदरा पाहून तिला कोणी मोठा माणूस वाटला असावा.

"दुरूनच सोडा मालक. इटाळ होईन तुमाले."

बाबा अंगणात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले, तर म्हणाले, "मरन कोनाले चुकलं? पन ते पयलेचं जिनं घेऊन नाही गेली पायजे बाई."

गावात देशमुखांच्या माईंनाही तेव्हा म्हातारचळ लागला होता. दुखणं तेच, पण माई सोवळं विसरल्या. आमच्या वस्तीत येऊन कोणाच्याही चुलीपाशी बसत, भाकर मागून खात. त्या मोकळ्या झाल्या आणि आत्या पुन्हा बांधली गेली, याचा मला भयंकर संताप यायचा. तरी त्यांना हाताला धरून घरी आम्हीच पोचवायचो.

बाबांनी मात्र हट्ट सोडला नाही. रोज सकाळी गडवा तिच्या हातात द्यायचे.

"बाई, आपून नागपूरले गेलतो. बौद्ध झालो. तोंड लावून पे."

"खरंच काय? कोनी मारनार नाही?"

"नाही मारत."

ती इकडेतिकडे पाहून घ्यायची, प्यायची आणि मग तोंडभर हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच भीती आणि तेच हसू.

पुढे बोलणंही गेलं. नागपूर सांगून कळेना. शेवटच्या सकाळी बाबा चमच्यानं पाणी पाजायला लागले, तर तिनं तोंड फिरवलं आणि चाचपडत हात पुढे केला. ओंजळ नव्हती, एकच हात होता. बाबांनी त्यात गडवा दिला. घोटभर आत गेलं, बाकीचं लुगड्यावर सांडलं. दुपारी ती गेली, तेव्हा गडवा तिच्या बोटांतून सोडवून घ्यावा लागला.