चुलीमागची कुंकवाची रेघ

हे मी कोणालेच सांगितलं नाही. शांतेले, माझ्या बायकोले, तर नाहीच — आणि आता ती गेली. पोळ्याच्या आधी गेली. घर खायला उठतं. आता कोणापासून लपवू?

आमचं गाव कन्हानच्या काठचं. पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथे, चुलीमागच्या भिंतीवर, घरची बाई कुंकवाची रेघ ओढायची. नदी घरी येऊन गेली म्हणून. सासूचं घर नाल्याच्या वळणावर, एकटंच. तिथली रेघ माझ्या छातीच्या वर — लग्नाआधी शांतेनंच ओढलेली.

सासूचं तोंड कसं, सांगू? भर पंगतीत म्हणायची, "जवाई केला त्यापेक्षा बैल आणला असता, जुंपता तरी आला असता!" लोक हसायचे. शांताही हसायची. ते जास्त लागायचं.

मग नागपूरचे इंजिनिअर आले. नवा कॉम्प्युटर आला होता म्हणे. घराघरातलं पुराचं माप त्यात घातलं की पुढचा पूर कुठे किती चढेल ते कळणार. जिथे पाणी जास्त तिथे लोकांना काढायले डोंगा, म्हणजे नाव, आधी जाणार. त्या लोकांना टेकाडावर जागाही मिळणार. टेकाडावर — म्हणजे माझ्या घराला लागून! रोज सासूचं तोंड ऐकू?

चुलीपाशी बूट घालून कोण जाईल? सासूच्या घरी साहेब अंगणातच थांबले. टेप घेऊन आत गेलो मी, घरचा जवाई. रेघ समोर होती. साहेबानं बाहेरून विचारलं, "किती गा?"

"गुडघ्याइतकं, साहेब."

टेप मी उघडलाच नाही.

पुढच्या पुरात डोंगा आधी खालच्या आळीत गेला. सासू खाटेवरून उठू शकत नव्हती. तिच्याकडे तो शेवटी पोचला. ती गेल्याचं कळलं तेव्हा मले काय वाटलं? बरं झालं, असं वाटलं. हो, असंच.

पाणी ओसरल्यावर शांता कुंकू घेऊन चुलीमागे गेली. पाणी जुन्या रेघेवरच थांबलं होतं. "मंग डोंगा आधी इकडं काहून नाही आला वो?"

"मशीन चुकली," मी म्हणालो.

मरेपर्यंत ती त्या मशीनले शिव्या देत राहिली. मीही दिल्या, तिच्या बाजूला बसून.

त्या दिवशी चुलीमागे तिची रेघ वाकडी जात होती. मी तिचा हात धरला, आणि रेघ सरळ ओढून दिली.