वितळलेली चुनखडी

बाई बावीस वर्षं चौथीला शिकवत होत्या. धडे तोंडपाठ झाल्यामुळे पुस्तक उघडणं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्या दिवशी खडकांचा धडा होता. "चुनखडी जमिनीत खोल जाते, उष्णतेनं वितळते आणि तिचा संगमरवर होतो," असं त्यांनी सांगितलं.

खिडकीजवळची अबोल मुलगी वर्षभरात पहिल्यांदाच हात वर करून उभी राहिली. फरश्या घासणाऱ्या कारागिराची ती लेक. "बाई, ती वितळत नाही. उष्णतेनं आणि दाबानं घट्ट असतानाच बदलते."

"मग ये, तूच शिकव! मी बसते तुझ्या जागेवर."

वर्ग खो खो हसला. मुलगी मान खाली घालून बसली.

मधल्या सुट्टीत बाईंनी पुस्तक उघडलं. मुलीचं बरोबर होतं. चूक कबूल केली तर पोरं डोक्यावर बसतील, अशी त्यांनी दोन दिवस मनाची समजूत घातली. पण हजेरी घेताना तिचं नाव आलं की त्या खिडकीकडे बघायचं टाळायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर चूक सांगितली आणि तिला फळ्याजवळ बोलावलं.

ती जागची हलली नाही. "नको, बाई. बाबा म्हणाले, मोठ्यांना उलट बोलायचं नाही."

शाळा सुटताच बाईंनी फाटकाशी तिच्या वडिलांना गाठलं. त्या तोंड उघडणार, तोच वडिलांनी हात जोडले. "लहान आहे हो, बाई. तिला माफ करा."

"माफी मला मागायचीय," बाई म्हणाल्या. पण मान काही त्यांना वर करता आली नाही.