एक कोट आणि आलमारीभर कोट

अकोल्यात टांग्यातून सिनेमाची जाहिरात करणारा आवाज माझा होता, हे सांगताना माझी छाती आजही फुगते. टांग्याच्या दोन्ही अंगांना रंगीत पाट्या, पुढे लगाम धरून टांगेवाला चाचा आणि मागे पत्र्याचा भोंगा घेऊन मी. कापसाच्या बाजारापासून स्टेशनापर्यंत लोक माझा आवाज ऐकून दुकानांतून बाहेर येत.

एकाच माणसाला तो आवाज सोसत नव्हता. माझ्या बापाला.

बाबा पातूरकडच्या आमच्या गावात दवंडी द्यायचे. आमच्या घराण्याच्या माथी पिढ्यानपिढ्या मारलेलं ते काम होतं. डफडं वाजवायचं आणि पाटील सांगेल ते गावभर ओरडायचं. नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आले तसं त्यांनी डफडं टाकलं, बिऱ्हाड अकोल्याला आणलं आणि तेलाच्या गिरणीत हमाली धरली. त्यानंतर त्यांनी आवाज म्हणून चढवला नाही. घरात भाकर मागायची तरी हळूच. आणि अशा माणसाचा मॅट्रिक झालेला पोरगा भोंगा घेऊन बाजारात उभा!

"म्या दवंडी काहून सोडली?" त्यांनी एकदाच विचारलं. "तू टांग्यात बसून देशील म्हणून?"

"बाबा, हे दवंडी नोय. नोकरी हाय."

"शब्द कोणाचे? टॉकीजवाल्या शेठचेच नं?"

पुढे माझा टांगा दिसला की बाबा बोळात वळायचे. मला संताप यायचा आणि त्या संतापात मी आणखी मोठ्यानं ओरडायचो. पण त्यांनी एकदा तरी थांबून मला ऐकावं, याखेरीज मला दुसरं काही नको होतं.

त्या सुमारास एका विनोदी सिनेमानं सगळ्या वऱ्हाडाला वेड लावलं होतं. दोन बेकार दोस्त आणि दोघांत मिळून एकच कोट. एकाला नोकरीसाठी साहेबाकडे जायचंय, दुसऱ्याला मुलगी पाहायला, आणि साहेब तोच मुलीचा बाप! एक दिवाणखान्यात बसून पोहे खातोय आणि दुसरा न्हाणीघरात बनियनवर थंडीनं कुडकुडतोय, कोट खिडकीतून आत-बाहेर. लोकांनी तो सिनेमा पाहून पाहून पाठ केला. कामावर कोणी उशिरा आला की विचारायचे, "काहून बापा, कोट दुसऱ्याकडे व्हता काय?" लग्नात नवरदेव कोट घालून उभा राहिला की वऱ्हाडी मंडळी हसू लागत आणि बिचारा आपलं काय चुकलं म्हणून बटणं तपासत बसे.

मग त्याचा दुसरा भाग निघाला. सिनेमाला दुसरा भाग असतो, हीच मुळी आम्हाला नवलाई होती. तो अमरावतीला आधी लागला. शेठनं मला पाहून यायला पाठवलं, म्हणजे भोंग्यावरून काय सांगायचं ते कळेल.

मी हसायच्या तयारीनं बसलो. तेच दोघे, पण आता श्रीमंत झालेले. घरात आलमारीभर कोट. धावपळ तीच, पडणं-झडणंही तेच, पण ज्याच्यासाठी धावायचं ती अडचणच राहिली नव्हती. मध्यंतरापर्यंत लोकांच्या शेंगा फोडण्याचाच आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, पहिल्या सिनेमात आम्ही हसलो ते त्या कोटासाठी. कोट एक होता तेव्हा हसू ढीगभर होतं. आता कोट ढीगभर झाले आणि हसू पळालं.

शेठला हे सांगितलं तर त्यानं माझ्या हाती एक चिटोरं ठेवलं. "पहिल्याच्या दुप्पट हसवणारा!" असं त्यावर लिहिलं होतं. "हेच ओरडायचं. तुझं मत तुझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार भरला होता. मी टांग्यात उभा राहिलो, भोंगा तोंडाला लावला आणि बाबांचा प्रश्न कानात वाजला. शब्द कोणाचे? चिटोरं खिशातच राहिलं.

"ऐका हो!" मी ओरडलो. "कोटवाल्याइचा दुसरा सिनेमा लागून राहिला. पहिल्याची सर नाही त्याले! कोट एक व्हता तवरच हसू व्हतं! मी अमरावतीले पाहून आलो. माह्यावर भरवसा नसन त आज दुपारी स्वतः पाहा, अन मले खोटं पाडा!"

चाचानं घोडा थांबवून कपाळावर हात मारला. "बेटा, अपनी ही दुकान जला दी!"

बाजार मात्र पेटला. वऱ्हाडी माणसाला चांगलं म्हणून सांगा, तो मान हलवून पुढे जाईल. मला खोटं पाडा म्हणा, तो जेवण सोडून येतो. "हा कोण मोठा लागून गेला?" असं म्हणत लोक निघालेच.

शेठच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "भोंगा ठेव अन चालता हो!" पण तिकिटाच्या खिडकीवरची झुंबड रस्त्यापर्यंत आली, तसा तो बोलायचा थांबला. मी भोंगा घेऊन टॉकीजच्या अंगणातच उभा राहिलो.

खेळ सुटला तशी भांडणंही बाहेर आली. "पोट्टं बरोबर हाय!" "काय बरोबर हाय? मी हसलो नं!" त्या गर्दीत मला बाबा दिसले. गिरणीला सुटी होती. जन्मात सिनेमाचं तोंड न पाहिलेला माझा बाप तिकीट काढून आत जाऊन आला होता. म्हणजे त्यांनी बाजारात मला ऐकलं होतं.

ते सरळ माझ्यासमोर आले. मला वाटलं, हळूच काहीतरी म्हणतील आणि निघून जातील. त्यांनी मान वर केली आणि छाती भरून श्वास घेतला.

"पोरगा चुकला हाय!"

गावाच्या शिवेपलीकडे पोचणारा तो आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकत होतो.

"एक कोट असला की याले हसू येते! म्या जनमभर एकाच सदऱ्यावर दिवस काढले, त्यात हसण्यासारखं काई नोयतं! आज गरिबाच्या घरी आलमारीभर कोट पाह्यले, अन पोट धरून हसलो! मले आवडला! हे मी सांगून राहिलो, मी!"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या आणि बाहेर पडलेले लोक पुन्हा तिकिटाच्या खिडकीकडे वळले. भर गर्दीत माझ्या बापानं मला खोटं पाडलं होतं आणि माझा आनंद अंगणात मावत नव्हता.

शेठ धापा टाकत माझ्याजवळ आला. "हा म्हातारा कोण रे? काय आवाज आहे! उद्यापासून यालाही टांग्यात बसव. काय बोलायचं ते मी लिहून देतो."

"माहे वडील हायेत, शेठजी," मी म्हणालो. "थे आता कोणाचं लिहिलेलं बोलत नाहीत."