कामरगावचं गाठोडं

मी नसरीनला फसवलं. तिच्या मुलीची शाळेतली जागा मी घेतली आणि माझ्या मुलीला दिली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, जिच्यासाठी केलं त्या पल्लवीलाही नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही एवढं सोडून बाकीचंच बोलले.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सोपं असतं तर पहिल्या चार ओळी लिहून मी दोन वेळा उठले असते का? असू दे. आधी मी कोण ते सांगते. मग बाकीचं.

मी भांडेवाली. पुण्याकडे बोहारीण म्हणतात — जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. लग्न होऊन कारंज्याला आले तेव्हा डोक्यावर टोपलं घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरले. आज बाजारात दुकान आहे. ते सासऱ्यानं दिलेलं नाही, नवऱ्यानंही नाही. घासाघिशीवर उभं केलंय. समोरच्या ढिगात जरीची साडी असेल तर तिच्याकडे बघायचंच नाही. शेजारची उसवलेली पँट उचलायची, नाक मुरडायचं, डबा परत टोपल्यात ठेवायचा आणि गप्प बसायचं. या धंद्यात जो आधी बोलतो तो हरतो. मी कितीही वेळ गप्प बसू शकते. आणि कुणी फारच ताणलं तर माझं डोकं फिरतं — एका वकिलाच्या बायकोच्या अंगणात मी माझंच नवं कोरं पातेलं आपटून चेपवलं होतं. तरी साडी घेऊन आले.

नसरीन माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसायची. तिचं घर आमच्याच गल्लीत होतं, नवरा सलीम ट्रक चालवायचा. गाठोडी सोडायची, चांगलं-वाईट वेगळं करायचं, उसवलेलं शिवायचं हे तिचं काम. पगार मी द्यायचे, पण दुकानाची चावी दोघींकडे असायची. आमच्या मुली दीड महिन्याच्या अंतरानं झाल्या. तिची आलिया, माझी पल्लवी. दोघी कपड्यांच्या ढिगातच रांगायला शिकल्या.

तिची एक सवय होती. एखादा शर्ट उजेडात धरायची आणि तो घालणाऱ्याचं सगळं सांगून टाकायची. "हा मानूस बायकोले भेते," म्हणायची. "पाह्य ना, आतून चोरखिसा शिवला आहे." मग आम्ही दोघी त्या माणसाला नाव द्यायचो, बायको द्यायचो, भांडण लावून द्यायचो. हे मी का सांगते आहे? शाळेचं सांगायचं होतं. पण तिच्यानंतर दुकानात किती बायका कामाला आल्या आणि गेल्या, शर्ट एकीनंही उजेडात धरला नाही.

तर, शाळा. गावाबाहेर नवी इंग्रजी शाळा झाली होती. पिवळी बस, मुलांच्या गळ्यात टाय. बालवर्गाच्या जागा थोड्या, आणि अर्ज वाशिमहूनसुद्धा येतात असं लोक सांगायचे. आम्ही दोघी अर्ज आणायला उन्हात रांगेत उभ्या राहिलो. नसरीन उर्दू शाळेत शिकलेली, मी मराठीत सातवी. अर्ज इंग्रजीत. दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारून विचारून दोन्ही अर्ज मीच भरले. फोन नंबरचा रकाना आला तेव्हा ती म्हणाली, "तुहाच टाक वं. घरात एकच फोन, तो सलीमसंगं ट्रकवर नागपूर-मुंबई फिरून राह्यला. तुहा तं रोज कानालेच लावून रायते."

मी माझा नंबर टाकला. दोन्ही अर्जांवर एकच नंबर.

मग मुलाखत झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी पल्लवीला रंग विचारले, तिनं माझ्या पदराआड तोंड लपवलं. मग मला विचारलं, आई काय करते? मी सांगितलं. त्यांनी आमची फाइल दोन बोटांनी टेबलाच्या कडेला सरकवली. फक्त दोन बोटांनी — जशी मी माझ्या दुकानात मळकी बनियन सरकवते. मी म्हणाले, "बाई, कपडे धुऊन घेतो आमी." त्या हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही, कारकून बाईकडे बघून. ती दोन बोटं मी अजून विसरलेले नाही. विसरणारही नाही.

आलियाला सफरचंदाचा रंग विचारला तर ती म्हणाली, "कच्चं का पिकलं?" हे नसरीननं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघी शाळेच्या भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. माझ्या हसण्यात काही खोट नव्हती. तेव्हा तरी नव्हती.

यादी काचेच्या कपाटात लागली. दोघींचीही नावं मुख्य यादीत नव्हती. खाली प्रतीक्षा यादी होती. पहिल्या नंबरावर आलिया, दुसऱ्या नंबरावर पल्लवी. बँकेतल्या नाहीतर तहसीलच्या कुणाची बदली झाली की एखादी जागा सुटते, असं शिपायानं सांगितलं. एखादी. दोन नाही.

दर सोमवारी आम्ही ती काच बघायला जायचो. एकदा येताना नसरीन म्हणाली, "आलियाची जागा निंगाली तं पल्लवीले तिच्या दप्तरात भरून धाडू. संध्याकाळी दोघी संगं अभ्यास करतीन. एक शिकली तं दुसरीलेबी येईनच." मी "हो" म्हणाले. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. तिची पोरगी टाय लावून बसमध्ये चढेल आणि माझी दारात उभी राहून हात हलवेल. आणि शाळेत त्या मुख्याध्यापिकाबाईंना वाटेल, बरोबरच सरकवली होती फाइल. नसरीनकडून हरायला माझी तयारी होती. त्या दोन बोटांकडून हरायला नव्हती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नसरीननं माझी फाइल सरकवली नव्हती.

जून लागला होता. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागे यंत्र चालू होतं. फोन वाजला.

"आलिया सलीम शेख यांच्या घरून बोलता का?" शाळेतल्या कारकून बाई होत्या. एक जागा सुटली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कागदपत्रं घेऊन यायचं, नाहीतर पुढच्या नंबराला फोन जाणार.

मी म्हणाले, "हो." एवढंच. कोण बोलतंय ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

यंत्र थांबलं. "कोन होतं वं?"

"गिऱ्हाईक," मी म्हणाले. "पितळेच्या घागरीचं विचारून राह्यलं होतं."

यंत्र पुन्हा सुरू झालं.

इथं थांबले असते तर? संध्याकाळी सांगू, असं मी स्वतःला सांगत होते. खरंच सांगत होते. संध्याकाळी आलिया आणि पल्लवी दुकानाच्या पायरीवर एकाच ताटलीतून मुरमुरे खात होत्या, आणि मी गप्प बसले. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी काय केलं ते मी आजवर स्वतःशीसुद्धा धड बोललेले नाही.

मी नसरीनला म्हणाले, कामरगावला एका लग्नघरी कपड्यांचं मोठं गाठोडं बांधून ठेवलंय, तू जाऊन आण. तुझी बहीण तिथंच आहे, तिलाही भेट, जेवूनच ये. ती इतकी खूश झाली. बहिणीकडे सहा महिन्यांत गेली नव्हती. जीपमध्ये मी स्वतः बसवून दिलं. आलियाला मांडीवर घेतलं होतं तिनं. जीप हलली तेव्हा आलिया हात हलवत होती.

विसरले असं म्हणता येत नाही. घाबरले असंही म्हणता येत नाही. विसरलेली बाई माणसाला जीपमध्ये बसवून देत नाही.

साडेबाराला फोन आला. या वेळी पल्लवीच्या नावानं. मी कागद पिशवीत भरूनच बसले होते.

गाठोडं खरोखरच होतं. खोटं पकडलं जाऊ नये म्हणून मी आदल्या संध्याकाळीच त्या घरी फोन करून ठेवला होता. नसरीन चार वाजता ते डोक्यावर घेऊन आली, घामानं भिजलेली. बहिणीनं दिलेल्या शेवया माझ्यासाठी वेगळ्या बांधून आणल्या होत्या. मी तिला सांगितलं — पल्लवीला घेतलं शाळेत.

ती आधी हसली. पल्लवीचा मुका घेतला. मग गाठोडं सोडायला बसली, आणि कपड्यांकडेच बघत म्हणाली, "एक नंबर तं आलियाचा होता ना?"

मी काय बोलले असेन? काहीच नाही. मी गप्प बसले. तो माझा धंदाच आहे. जो आधी बोलतो तो हरतो, आणि आधी तीच बोलली. "नाव पाहून सोडलं असन त्यायनं. शेख पाह्यलं आन् पुढं सरकले."

मी मान हलवली.

शाळेनं तसं केलं नव्हतं. शाळेनं तिला आधी बोलावलं होतं. आणि मी मान हलवली. एवढ्यावरही भागलं नाही. मी चिडले — खोटं चिडता येतं मला, रोजचंच आहे — मी ओरडले, "आत्ता जातो आन् ती काच फोडतो!" चपला घालून पायरी उतरले. नसरीननं धावत येऊन माझा हात धरला. म्हणाली, "जाऊ दे वं रंजना. तू भांडशीन तं पल्लवीचंबी नाव कापतीन ते."

माझ्या पोरीची जागा सांभाळायला तिनं मला धरून ठेवलं.

त्या वर्षी यंत्र चालू असायचं, पण तिचं बोलणं हळूहळू बंद झालं. शर्ट उजेडात धरणं थांबलं. पुढच्या उन्हाळ्यात ते लोक बिऱ्हाड घेऊन कामरगावला गेले, तिच्या बहिणीजवळ. जाताना म्हणाली, "आमच्यासाठी काय आहे इथं?" मला दुसरं काही म्हणाली नाही. आणि मी? मी बाजारभर सांगत फिरले की बघा, पोटापाण्याला लावलं, शिकवलं, आणि ऐन लग्नसराईत सोडून गेली. हा राग मी अकरा वर्षं जपला. त्यावर किती जणांकडून "खरं आहे बाई" वदवून घेतलं! तिची आठवण आली की मी तिच्यावर चिडायचे. चिडणं मला जमतं. तिची वाट बघणं जमत नव्हतं, पण तेही करत होते. मागच्या खोलीतलं यंत्र मी विकलं नाही. कुणी भाव विचारला की मुद्दाम असा सांगायचे की माणूस पुढं बोलूच नये.

पल्लवी यंदा दहावी झाली. चांगली मुलगी आहे. इंग्रजी बोलते. मी घासाघीस करायला लागले की दुकानाबाहेर जाऊन उभी राहते.

निकालानंतर मी कामरगावला गेले. नसरीनच्या दारात. तिनं मला बघितलं आणि शिव्याच घातल्या. "मेली का जिती, काही खबर? बस. इतकी जाड कशी झाली वं तू?" चहा ठेवला. तिचे केस पुढून पांढरे झालेत. मी तिच्याकडे बघत राहिले. आलिया आतून आली, उंच, आईसारख्या भुवया. दहावीला तिला पल्लवीपेक्षा जास्त गुण आहेत. अकरावीचा ऑनलाइन अर्ज समोर होता, आणि कॉलेजांच्या रकान्यात तिनं एकच नाव टाकलं होतं, गावातलं.

"कारंज्याचं सायन्स कॉलेज का नाही टाकलं?" मी विचारलं.

"अम्मी नाही म्हणते, मावशी," ती म्हणाली. "म्हणते तिथं आपल्याले घेत नाहीत. लहानपनी एकडाव पाह्यलं आहे म्हणे."

नसरीननं चहा गाळता गाळता माझ्याकडे बघितलं. "सांग तिले, रंजना," म्हणाली. "तू तं तवा होती."

मी चहा प्याले. छान झालाय म्हणाले. जीपची वेळ झाली म्हणून उठले.

आलिया, तुझी अम्मी मराठी सावकाश वाचते, तू भराभर वाचतेस, म्हणून आता अनोळख्यांना सोडून हे तुलाच सांगते. शाळेनं तुला बोलावलं होतं. तुझं, तुझ्या अब्बांचं नाव आणि आडनाव स्पष्ट घेऊन, पल्लवीच्या आधी. फोन मी उचलला होता आणि गाठोडं आणायला तुम्हाला मीच पाठवलं होतं. अम्मी बारा वर्षं ज्या शाळेला, ज्या गावाला दोष देते आहे, त्यांनी यातलं काही केलेलं नाही. कुणीतरी याचा जाब द्यायला हवा, आणि तो माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी देऊ नये. माझं दुकान बाजारात जिथं होतं तिथंच आहे. अम्मीला घेऊन ये आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर विचार. मी गप्प बसणार नाही.