वाइनच्या गावात शनिवारचा उपवास

मला खोटं बोलता येतं, आणि ते चांगलं जमतं याचा मला कित्येक वर्षं अभिमानच होता. गेल्या सप्टेंबरात मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या एकाही मराठी घराला मी सुगावा लागू दिला नाही. गणपतीत कुणी विचारलं की मोदकांचं ताट पुढे करत म्हणायचे, "अहो, सिएटलला प्रोजेक्ट आहे त्याचा. सुट्टी कुठली मिळते!" नवरा शेजारी उभा राहून जमिनीकडे बघायचा.

इटलीची ट्रिप त्याआधीच ठरली होती. आमच्या लग्नाला तीस वर्षं होणार म्हणून नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राने ती आखली होती. हा मित्र आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतो. ते नवरा-बायको, आम्ही दोघं आणि आमचा मुलगा. ट्रिप कॅन्सल केली असती तर कारण सांगावं लागलं असतं. मुलगा आपणहून म्हणाला, "आय विल कम. आय विल ड्राइव्ह." मे महिन्यात आम्ही निघालो, आणि पहिले तीन दिवस ते ड्रायव्हिंग फार सोयीचं पडलं. जेवताना बाटली उघडली की मी म्हणायचे, त्याला गाडी चालवायचीय.

चौथ्या दिवशी, शनिवारी, आम्ही त्या गावात पोचलो. डोंगराच्या माथ्यावर, दगडी तटाच्या आत दाटीवाटीने बसलेलं जुनं गाव, आणि खाली नजर जाईल तिथवर द्राक्षांचे मळे. बाहेरच्या गाड्यांना आत मज्जाव. वेशीबाहेर गाडी लावून बॅगा ओढत चढ चढलो, तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले. मुक्काम गावातच होता. खोलीत शिरल्यावर मुलाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्या लक्षात आलं, आता कारण उरलं नाही.

संध्याकाळी मित्राने सगळ्यांना एका तळघरात नेलं. तिथे घराघराखाली खडकात कोरलेली तळघरं आहेत. आत एकदम गारवा, माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, आणि भिंतींत मुरलेला आंबट वास. आम्हाला बाकांवर बसवून मालकाची मुलगी वाइन चाखायला देत होती. नको असेल तर थुंकायला शेजारी एक भांडंही होतं.

हा मित्र आग्रहाचा माणूस. त्याच्या घरी ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढतो. 'नको' म्हणजे 'थोडंसं वाढा' असंच आपण समजत आलो आहोत. मीही तशीच वाढते.

"नो थँक्स, काका," मुलगा म्हणाला.

"अरे, एवढं लांब आलोय!"

"रियली, आय अ‍ॅम गुड."

"एक घोट यार! आई-बाबांची अ‍ॅनिव्हर्सरी आहे." आणि त्याने ग्लास मुलाच्या हातात दिलासुद्धा.

मी घाईघाईने म्हणाले, "भावजी, राहू दे. त्याचे शनिवार असतात."

बोलून गेले आणि आठवलं, सकाळी याच मुलाने सगळ्यांसमोर दोन अंडी खाल्ली होती. मित्राची बायको माझ्याकडे बघत राहिली. अंड्यांचं नाव काढलं नाही, हे तिचे उपकार. मित्र मात्र खुलला. "वहिनी, द्राक्षंच आहेत ही! उपवासाला चालतात!" तो हसला, नवरा हसला, आणि मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मुलगा हसला नाही. ग्लास तसाच धरून आत बघत होता. मला मरणाची भीती वाटली. केंद्रातून परतल्यापासून तो कामावरून घरी आला की मी काहीतरी निमित्त काढून त्याच्या जवळून जायचे, श्वासाचा वास घ्यायला. तो आता प्यायला असता, तर तो ग्लास माझ्या खोटेपणानेच त्याच्या तोंडाला लावला असता. एवढं कळत असूनही मी ते खोटं मागे घेतलं नाही.

त्याने ग्लास हळूच खाली ठेवला. लहानपणापासून आम्ही मराठीत विचारतो आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. त्या दिवशी तो मराठीत बोलला, एकेक शब्द शोधत.

"काका, मी दारू सोडली आहे. आठ महिने झाले. मी सिएटलला नव्हतो, ट्रीटमेंटला होतो. आईला लाज वाटते, म्हणून ती असं सांगते."

वाइन ओतणाऱ्या मुलीला भाषा कळत नव्हती, तरी तिने बाटली खाली ठेवली. मित्राने तो ग्लास उचलला, थुंकायच्या भांड्यात रिकामा केला आणि पाठोपाठ स्वतःचाही केला. "चुकलं रे माझं," एवढंच म्हणाला. नवरा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं, पण बघत होता फक्त मुलगा. 'काहीतरीच काय, मला कसली लाज!' हे वाक्य माझ्या ओठांवर तयारच होतं. आठ महिन्यांत ते मी त्याला कितीदा ऐकवलं होतं.

"हो," मी म्हणाले. "वाटते रे. अजून वाटते."

आता हा उठून जाईल, या धसक्याने मी बाकाची कड घट्ट धरली. तो गेला नाही. त्याचे खांदे सैल झाले.

"आय नो, आई," तो म्हणाला.

आठ महिन्यांत मी त्याला जे जे सांगितलं, त्यातली ही एकच गोष्ट त्याला खरी वाटली.